गुलाब निवडा पावसाकडे बघून

सदर : घर-अंगण

पावसाला आता महिनाही उरलेला नाही. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत आपल्या भागात दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल, तळोजा इथल्या वाचक भगिनींची पत्रे या दिवसांत वाढतात आणि त्यांतली निम्मी एकाच झाडाबद्दल असतात. डिसेंबरात नर्सरीतून गुलाब आणला, मार्चपर्यंत छान फुलला, जुलैत पाने गळाली, ऑगस्टात काळी काडी उरली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नवे रोप, पुन्हा तेच.

यात तुमच्या हाताला दोष देऊ नका. ‘माझ्या हाताला गुलाब लागत नाही’ असे बऱ्याच जणी लिहितात. हाताला लागत नाही असे काही नसते. बहुतेक वेळा झाडच आपल्या हवेचे नसते. आपण नर्सरीत फुलाचा रंग आणि आकार बघून रोप उचलतो. नवी मुंबईत मात्र हे झाड चार महिन्यांचा पाऊस काढेल का, एवढे आधी बघायला हवे.

ऊन सोसते, ओल सोसत नाही

गुलाबाला ऊन हवे असते. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळाले तरच तो नीट फुलतो. एप्रिल-मेच्या उन्हात फुले लहान येतात, पाकळ्यांच्या कडा करपतात, पण झाड मरत नाही. झाड मरते ते सततच्या ओलीने.

त्याचे कारण असे. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणारी एक बुरशी असते. पान सलग सात तास किंवा त्याहून जास्त ओले राहिले की तिचे बीज पानात शिरते. कोरड्या गावात पान सकाळच्या दवाने भिजते आणि दोन तासांत वाळते, त्यामुळे बुरशीला सवड मिळत नाही. आपल्याकडे जुलैत पान दिवसदिवस वाळतच नाही. ठिपके पडतात, पान पिवळे होते, गळते. पाने गेली की झाडाला अन्न तयार करता येत नाही. त्यातच कुंडीतली माती चिकट असेल तर मुळे कुजतात. मग फांद्या शेंड्याकडून खाली काळ्या पडत जातात. हिला माळी शेंडेमर म्हणतात.

आता नर्सरीतली रोपे येतात कुठून, तेही बघा. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळशी रोपे पुण्याच्या पलीकडून, सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन, सोरतापवाडी भागातल्या रोपवाटिकांतून येतात. ती घाटमाथ्यापलीकडची कोरडी हवा. आपल्या पावसाच्या तुलनेत तिथला पाऊस फारच थोडा. तिथे वाढलेले रोप चिकण मातीच्या गोळ्यासकट ट्रकमधून उतरते आणि थेट आपल्या दमट बाल्कनीत येते. हिवाळाभर ते खूश असते, कारण हिवाळा त्याच्या ओळखीचा. पाऊस त्याने असा कधी पाहिलेलाच नसतो.

मावळात तळेगावजवळ फुलदुकानांसाठी गुलाबाची मोठी शेती होते. १४ फेब्रुवारीच्या सुमारास तिथली फुले परदेशी जातात. ती सगळी पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छताखाली घेतात. त्या छताचे एक मोठे काम म्हणजे पावसाचे पाणी पानांवर पडू न देणे. व्यवसाय करणारा शेतकरीही त्या जातीच्या गुलाबाला उघड्यावर भिजू देत नाही. मग आपण फुलदुकानात दिसणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबाचे रोप आणून पावसात उघडे ठेवले, तर ते टिकेल कसे?

ताइफचा गुलाब आणि बेटावरची त्याची लेक

उमऱ्याहून परतलेल्या दोन-तीन भगिनींनी विचारले आहे, की ताइफच्या गुलाबाचे अत्तर आणले, तो गुलाब इथे लावता येईल का? सुगंध इतका मनात बसतो की विचारावेसे वाटणारच.

ताइफचा गुलाब म्हणजे दमिश्क गुलाब. अत्तर आणि गुलाबजल मुख्यतः याचेच. ताइफ हे मक्केजवळ असले तरी डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरच्या आसपास. तिथली हवा कोरडी आणि रात्री गार. वसंतात थोडे आठवडे हा गुलाब फुलतो, मग वर्षभर विश्रांती. २०२४ मध्ये ताइफच्या गुलाबाशी निगडित परंपरांची युनेस्कोने आपल्या वारसा यादीत नोंद केली. इराणात काशानजवळचे कमसर, बल्गेरियातले कझानलक, आपल्याकडे उत्तर प्रदेशातले हसायन, राजस्थानातले पुष्कर, ही दमिश्क गुलाबाची नावाजलेली गावे. एकही समुद्राकाठी नाही. सगळीकडे थंडी पडते किंवा हवा कोरडी असते. नवी मुंबईत थंडी पुरेशी पडत नाही आणि पावसाळा त्याला सोसत नाही. तेव्हा ताइफचे अत्तर जरूर आणा, रोपाचा नाद सोडा.

पण हळहळू नका. या दमिश्क गुलाबाची एक लेक आपल्यासारख्याच हवेत जन्मली आहे. हिंदी महासागरात रीयुनियन नावाचे बेट आहे. त्याचे जुने नाव बूर्बाँ. तिथले शेतकरी कुंपणाला दोन तऱ्हेचे गुलाब लावत, एक दमिश्क जातीचा आणि एक चिनी. चिनी गुलाबाचा गुण असा, की तो बारा महिने फुलतो आणि उष्ण हवेत रमतो. या दोघांचा आपोआप संकर होऊन कुंपणात एक वेगळेच झुडूप उगवले. १८१७च्या सुमारास तिथल्या एका वनस्पतीतज्ज्ञाच्या ते लक्षात आले. सुगंध दमिश्कचा आणि पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय चिनी गुलाबाची. या कुळाला बूर्बाँ गुलाब म्हणतात.

भारतात ‘एडवर्ड गुलाब’ म्हणून जे गुलाबी, सुवासिक झुडूप ओळखले जाते, ते याच कुळातले. आपल्या आजी-नानींच्या अंगणात जो ‘गावठी गुलाब’ होता, जो कोणी मुद्दाम फवारला नाही, खत घातले नाही, तरी विहिरीजवळ वर्षानुवर्षे फुलत राहिला, तो पुष्कळदा याच किंवा चिनी कुळातला असतो. कोकणच्या पावसात तो आपसूक टिकला. पुढे कुठलाही गुलाब निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

गुलाब हा शब्दही बघा. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे मुळात गुलाबजल. आपल्याकडे येऊन ते पाण्याचे नाव फुलालाच चिकटले. अरबीत जाऊन तोच शब्द ‘जुलाब’ झाला. आधी त्याचा अर्थ गोड औषधी सरबत, आणि पुढे मराठीत काय झाला ते सांगायला नको.

नर्सरीत काय मागावे

पहिली पसंती गावठी किंवा देशी गुलाब. या नावाखाली दोन-तीन वेगळी झाडे विकली जातात, त्यामुळे नावापेक्षा झाड बघा. झुडूप पसरट, फांद्या बारीक आणि पुष्कळ, एका शेंड्यावर एकापेक्षा जास्त कळ्या, फूल मध्यम, सैल आणि वासाचे. असे झाड आपल्या कामाचे.

लाल रंग हवा असेल तर ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ ही जुनी जात. रुडॉल्फ गेश्विंड यांनी ती १८९७ मध्ये आणली. नाव जर्मन आहे, पण भारत-पाकिस्तानात ती इतकी रुळली आहे की तीही देशी म्हणूनच विकली जाते. गडद लाल फूल, मानेत किंचित झुकलेले, वास चांगला, आणि जवळजवळ वर्षभर फुलणारे. नर्सरीवाल्याला जर्मन नाव सांगून उपयोग नाही. ‘लाल देशी, झुपक्याने येणारा, वासाचा’ असे सांगा.

पांढऱ्यासाठी ‘आइसबर्ग’. ही १९५८ सालची जर्मन जात उष्ण प्रदेशात जगभर लावली जाते. पावसात तिच्याही पानांवर ठिपके पडतात, पण ती पुन्हा उभी राहते. लहान बाल्कनीसाठी बटण गुलाब. फुले लहान, वास बहुधा नाही, पण झुपके भरपूर. ‘नॉक आउट’ नावाच्या अमेरिकी झुडूप गुलाबाबद्दलही विचारणा होते. २००० साली आलेली ही जात काळ्या ठिपक्यांना चांगली दाद देत नाही, मात्र सुगंध जवळजवळ नाही. सुगंधाशिवाय गुलाब कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी गावठीच घ्यावा.

भारतात दमट, उष्ण हवेसाठी मुद्दाम गुलाब तयार करण्याचे कामही झाले आहे. कोडाईकनालचे विरू विराराघवन आणि गिरिजा विराराघवन या दांपत्याने त्यासाठी आपल्याकडचे रानगुलाब वापरले. त्यांतला एक बंगाल-बिहारच्या नदीकाठी पुराच्या पाण्यात मुळे बुडवून उभा राहणारा. म्हणजे ओल सोसणारा गुलाब निसर्गात आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे.

रोप घेताना दोन गोष्टी तपासा. खोडाशी जाड गाठ दिसली तर ते डोळा भरलेले कलम आहे. गाठीच्या खालून फुटणारा कोंब हा खुंटाचा असतो, आपल्या गुलाबाचा नाही. तो दिसताच मुळाशी काढून टाका, नाहीतर तो वाढतो आणि वरचा गुलाब मरतो. ‘लाल लावला होता, आता रानटी पांढरी फुले येतात’ अशी तक्रार यातूनच येते. दुसरे, रोपाचा मातीचा गोळा दाबून बघा. दगडासारखा घट्ट असेल तर घरी आणून पाण्यात भिजवा आणि बाहेरची चिकण माती हलक्या हाताने सोडवा. तो गोळा तसाच कुंडीत बसवला तर पावसात त्यात पाणी साचून राहते.

कुंडी, जागा आणि शेजारी

कुंडी मातीची, निदान बारा इंची. तळाला मोठे भोक हवे आणि कुंडी दोन विटांवर उचललेली हवी. माती अशी करा : दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत, एक भाग भरड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे. भाताचा तूस मिळाला तर मूठ-दोन मूठ घाला, माती सैल राहते. कोकोपीट फार नको. ते पाणी धरून ठेवते, आणि आपल्याला पावसात नेमके तेच नको असते.

पूर्वेची बाल्कनी सर्वात चांगली. दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात भरपूर ऊन येते, कारण सूर्य तेव्हा दक्षिणेकडे असतो. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर जाळी किंवा जुनी ओढणी बांधून सावली करा. फक्त उत्तरेची बाल्कनी असेल तर गुलाबावर पैसे खर्च करू नका.

भिजलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या आसपास भरते. ती बाहेर लटकणाऱ्या ग्रिलच्या टोकावर ठेवू नका. खालून माणसे जातात. कुंडीतले मातकट पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडता कामा नये, शेजाऱ्याचा हक्क आपल्याला ठाऊक आहे. कुंडीखाली ताटली ठेवा, पण पाणी घातल्यावर ती लगेच रिकामी करा. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात.

पाणी : फज्रनंतर, मगरिबनंतर नाही

पाण्याची वेळ सोपी आहे. फज्रची नमाज झाली की कुंड्यांना पाणी द्या. दिवसभरात पाने वाळतात. मगरिबनंतर पाणी घातले आणि ते पानांवर उडाले, तर पान रात्रभर ओले राहते. बुरशीला लागणारे सात तास आपणच तिला देतो. पाणी नेहमी मातीवर, पानांवर नाही.

खारघर, तळोजा, पनवेल भागात उन्हाळ्यात पाणीकपात ठरलेली. वुजूचे पाणी घमेल्यात धरा. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते झाडांना चालते. घरात चार माणसे नमाजी असतील तर दोन-तीन कुंड्या त्यावर सहज जगतात. मात्र पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी रोज गुलाबाला घालू नका. त्यात क्षार जास्त असतात आणि गुलाब क्षारांना नाजूक आहे.

मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघा. कोरडे लागले तरच पाणी. पावसाळ्यात कुंडी सुकलेली नसताना सवयीने घातलेला तांब्याभर पाणीही नुकसान करतो.

पावसाचे चार महिने

मेच्या शेवटी, कोरड्या दिवशी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला वाढलेल्या बारीक फांद्या काढा. झाडाच्या मधून हवा खेळली पाहिजे. मोठी छाटणी आता नको. ओल्या दिवसांत कापलेल्या जाड फांदीतून शेंडेमर शिरते.

पाऊस सुरू झाला की कुंडी स्लॅबखाली सरकवा, पण अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. उजेड हवा, वारा हवा, डोक्यावर पाऊस नको. मावळचा शेतकरी प्लास्टिकने जे करतो ते तुमच्या वरच्या मजल्याची बाल्कनी फुकटात करते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, मध्ये वीतभर जागा सोडा. गळलेली ठिपक्यांची पाने रोज उचला आणि कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा खतात नाही. पावसाचे थेंब मातीवर आपटून बुरशी पुन्हा वरच्या पानांवर नेतात.

फांदी वरून काळी पडताना दिसली तर काळ्या भागाच्या खाली बोटभर, निरोगी हिरव्या भागात कापा. कात्री आधी उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. कापलेल्या टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या ताम्रयुक्त बुरशीनाशकाची पूड थोड्या पाण्यात कालवून लावा. ते औषध मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. ज्या झाडाची फुले खायची आहेत त्याला मात्र औषध फवारू नका.

पाने गेली म्हणजे झाड गेले असे समजू नका. खोड नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. पाने नसलेल्या झाडाला पाणी कमी लागते, आणि खत तर अजिबात नको. ऑगस्टात घाबरून घातलेले खत कुजणाऱ्या मुळांना आणखी मारते. फक्त थांबा. गावठी गुलाब सप्टेंबरच्या अखेरीस आपण होऊन फुटतो.

बकरी ईदचे खत

सध्या बकरी ईद मे-जूनमध्ये येते. घरात किंवा सोसायटीच्या आवारात दोन-चार दिवस बकरे बांधलेले असतात. त्यांच्या लेंड्या कचऱ्यात जातात. शेतकरी लेंडीखत विकत घेतो आणि आपण ते फेकतो. लेंड्या गोळा करून उन्हात वाळवा, भोके पाडलेल्या डब्यात थोडी माती आणि सुका पाला मिसळून ठेवा, डबा पावसापासून झाकून. ऑक्टोबरपर्यंत ते मुरते. ताज्या लेंड्या कुंडीत घालू नका, त्यांची उष्णता मुळांना पोळते. रक्त, आतडी किंवा कच्ची हाडे कुंडीत पुरू नका. दुर्गंधी सुटते आणि उंदीर-घुशी येतात.

चहाचा चोथा चालतो, पण दूध-साखर लागलेला चोथा दोन पाण्यांनी धुऊन, वाळवून घाला. नाहीतर मुंग्या लागतात.

घर पाडण्याआधी

तळोज्याच्या एका भगिनीचे पत्र या वेळी वेगळे आहे. सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी दारात लावलेला गावठी गुलाब आहे. सासूबाई आता नाहीत. घर पुनर्विकासाला दिले आहे, दिवाळीनंतर पाडतील. बिल्डरने फ्लॅट दिला, भाडे दिले, गुलाबाचे कोणी विचारले नाही. एवढे मोठे झाड कुंडीत नेता येईल का, असे त्या विचारतात.

ताई, चाळीस वर्षांचे झाड मुळासकट उपटून नेऊ नका. त्याची मुळे खोल गेलेली असतात, ती तुटली की ते बहुधा जगत नाही. त्याऐवजी त्याच झाडाची नवी रोपे करा. तुमच्या हातात पूर्ण पावसाळा आहे, आणि जी ओल विकतच्या गुलाबाला मारते तीच इथे मदतीला येते. गावठी गुलाब स्वतःच्या मुळांवर सहज रुजतो. त्याला खुंट लागत नाही.

पहिला उपाय, फांदी लावणे. जूनचा चांगला पाऊस झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, नुकत्याच फुलून गेलेल्या फांद्यांचे सहा ते आठ इंची तुकडे घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पाने ठेवा, बाकी काढा. निम्मी रेती, निम्मी लाल माती अशा मिश्रणात अर्धी फांदी जाईल इतकी खोचा. उजेड असलेल्या सावलीत ठेवा. चार-पाच आठवड्यांत मुळे धरतात. उपटून बघण्याचा मोह टाळा. एक-दोन लावून थांबू नका, वीस लावा.

दुसरा उपाय, गुटी. पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड फांदीवर इंचभर साल गोल काढा. तिथे ओले शेवाळ बांधा, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोके घट्ट करा. दीड महिन्यात आत पांढरी मुळे दिसतात. मग खालून कापून कुंडीत लावा.

तिसरा उपाय, दाब कलम. जमिनीलगतची लवचीक फांदी वाकवून बाजूला ठेवलेल्या कुंडीतल्या मातीत दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. मूळ झाड तिला पोसत राहते, त्यामुळे हा उपाय सर्वात खात्रीचा. सप्टेंबरात मूळ झाडापासून तोडा.

तिन्ही करा. आणि सगळी रोपे स्वतःकडे ठेवू नका. दोन नणंदेला द्या, दोन माहेरी, एक मशिदीच्या आवारात विचारून लावा, एक जवळच्या मदरशात. एका घरातले मेले तर दुसऱ्या घरातून फांदी मागता येते.

हे फक्त त्या एका घराचे नाही. पनवेल, उरण, तळोजा, बेलापूर, जिथे जिथे जुन्या गावठाणातली घरे पाडली जात आहेत, तिथे अंगणातले असे गुलाब बुलडोझरखाली जात आहेत. त्यांना नाव नाही, नर्सरीत ते मिळत नाहीत. पण याच हवेत तीस-चाळीस पावसाळे काढून त्यांनी आपली लायकी दाखवली आहे. नातेवाइकांकडे, ओळखीत असे झाड असेल तर या जूनमध्येच फांद्या मागून आणा. नर्सरीतल्या कुठल्याही महागड्या रोपापेक्षा ती फांदी भरवशाची.

वर्षाचा हिशोब

मे : हलकी सफाई, कुंडीचे भोक मोकळे करणे, लेंड्या साठवणे.

जून ते ऑगस्ट : फांद्या लावणे, गुटी बांधणे. जुन्या कुंड्या आडोशाला. खत बंद.

सप्टेंबर : गळलेली पाने साफ, काळ्या फांद्या कापणे.

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात : पाऊस पूर्ण थांबल्यावर मुख्य छाटणी. वरचा एक-तृतीयांश भाग काढा, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या वर कापा. वरची दोन इंच माती काढून मुरलेले लेंडीखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. सहा-सात आठवड्यांत पहिला बहर.

डिसेंबर ते फेब्रुवारी : फुले सुकली की खालच्या पाच पानांच्या पानापर्यंत कापत राहा. कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर ती पाने काढा आणि झाड जास्त उन्हात आणा.

मार्च ते मे : पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि लाल ठिपक्यांसारखे कोळी दिसले तर सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पाने खालून धुवा. औषधाची गरज बहुधा पडत नाही.

ईदला फुले हवी असतील तर आणखी एक सोपा हिशोब. हलकी छाटणी केल्यावर गुलाब साधारण ४५ दिवसांनी फुलतो. शबे-बरात ते ईदुल-फित्र हे अंतर जवळपास तेवढेच. सध्या रमजान हिवाळ्याच्या शेवटाला येतो, म्हणजे गुलाबाच्या ऐन दिवसांत. शबे-बरातच्या सुमारास शेंडे कापा, इन्शाअल्लाह ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या शेजारी घरचे फूल असेल.

पाकळ्या खाण्याआधी

फिरनीवर, सरबतात किंवा गुलकंदात फुलदुकानातल्या पाकळ्या वापरू नका. ती फुले दिसण्यासाठी वाढवलेली असतात आणि त्यांच्यावर वारंवार कीटकनाशके फवारलेली असतात. धुतल्याने ती सगळी जात नाहीत. नर्सरीतून नव्याने आणलेल्या रोपाची पहिल्या दोन-तीन महिन्यांतली फुलेही खाऊ नका.

घरच्या, न फवारलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या सकाळी काढा, पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट असतो तो कापा, पुसून कोरड्या करा. काचेच्या बरणीत एक थर पाकळ्या, एक थर वाटलेली खडीसाखर, वजनाने समसमान. तोंड बंद करून तीन आठवडे उन्हात ठेवा, कोरड्या चमच्याने रोज हलवा. हे काम फेब्रुवारी-मार्चचे. पावसाळ्यात केले तर बुरशी धरते. दोन झाडांतून एक लहान बरणी निघेल, फार नाही. मधुमेह असलेल्यांनी चाखण्यापुरताच घ्यावा.

गावठी गुलाबाची जुनी झुडपे तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात कुठे आहेत, ते आम्हाला जूनअखेरपर्यंत कळवा. ज्यांना फांद्या द्यायच्या आहेत आणि ज्यांना हव्या आहेत, अशांची पत्रे पुढच्या अंकांत एकत्र देऊ. पाऊस सुरू झाला की हे काम चार महिने करता येते. त्यानंतर एक वर्ष थांबावे लागेल, आणि काही झाडे तोवर जागेवर नसतील.